बदलापूरच्या चढावर बर्फाचे टायर

सोलापुरातून बदलापूरला कुणी फिरायला जात नाही. आमच्या गल्लीतली माणसं कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात, हल्ली तर काश्मीरलाही जाऊन येतात आणि बर्फात बसलेले फोटो वर्षभर दाखवत राहतात. मी श्रावणात चार दिवसांसाठी म्हणून बदलापूरला गेले, ती सरळसरळ भांडायला गेले होते. परत आले तीन आठवड्यांनी. तेव्हापासून जो भेटेल त्याला त्या भागाबद्दल सांगत सुटले आहे. आमचे हे म्हणतात, एकदाचं लिहून काढ आणि आम्हाला मोकळं कर.

भांडण मुलीशी होतं. केतकी आमची एकुलती एक. बदलापूरच्या पुढे डोंगरात पेंढऱ्याची वाडी म्हणून ठाकर आदिवासींची वस्ती आहे, तिथल्या आरोग्य उपकेंद्रात ती काम करते. राहते बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, एका खोलीत, आणि रोज एका जुन्या, तिसऱ्या हाताच्या जीपने डोंगर चढते. आषाढात तिचा फोन आला होता. "आई, उल्हासनगरात हिवाळी टायर आलेत. परदेशातले, बर्फावर चालवायचे. जीपला घेऊ का?" मी पोट धरून हसले. म्हटलं, "बदलापुरात बर्फ कधीपासून पडायला लागला? गाडी टायर चालवत नाहीत केतकी, डोकं चालवतं." ती बरं म्हणाली आणि विषय संपला. पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ह्यांना तिच्या भुवईवरची पट्टी दिसली. जीप चढावरून घसरून बाजूच्या चरात गेली होती आणि पोरीने आम्हाला अवाक्षर सांगितलं नव्हतं.

ह्यांनी त्याच दिवशी बदलीच्या अर्जाची चौकशी केली. सोलापूर जिल्ह्यात जागा होती, अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. केतकी नाही म्हणाली, हे हो म्हणाले, आणि आठवडाभर फोनवर नुसती धुसफुस चालली. शेवटी तिनेच तोडगा काढला. "आईने यावं. रस्ता बघावा. ती म्हणाली की हा रस्ता गाडी चालवण्यासारखा नाही, तर मी मुकाट अर्ज करीन." तोडगा असा निघाला याचं कारण, मी बावीस वर्षं सोलापुरात बायकांना गाडी चालवायला शिकवते. वकिलिणी, भाजीवाल्या, सासवा, सुना, सगळ्या माझ्या शेजारी बसून घाबरल्या आहेत आणि शिकल्या आहेत. रस्त्याच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. आणि जाताना तो शब्द मी ठरवूनच निघाले होते. पोरीला घरी आणायची.

उल्हासनगर

केतकी मला घ्यायला कल्याणला आली होती, ती तशीच मला उल्हासनगरला घेऊन गेली. दाल पकवान खाल्ल्याशिवाय आईचा राग उतरणार नाही, असा तिचा हिशेब असावा. खुसखुशीत पुरीसारखं पकवान, वर घट्ट डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. आमच्याकडे सकाळी सकाळी डाळ कुणी खात नाही. मी दोन प्लेटी खाल्ल्या आणि राग थोडा उतरला, हे मान्य केलं पाहिजे.

पण मी थक्क झाले ती त्या गावाने. एका गल्लीत नुसत्या जीन्स, शिवणारे, धुणारे, बटणं ठोकणारे. पुढच्या गल्लीत पलंग आणि कपाटं. त्याच्या पुढे नुसते पंख्याचे भाग. एका माणसाच्या दुकानात फक्त कुकरच्या शिट्ट्या टांगलेल्या होत्या. मी एका ठिकाणी गंमत म्हणून विचारलं, की माझ्या तीस वर्षांपूर्वीच्या मिक्सरचं झाकण मिळेल का. तो म्हणाला, "नाही मिला तो बना देंगे, कल आओ." फाळणीनंतर नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी हे गाव उभं केलं, असं पुस्तकात वाचलं होतं. त्या गल्ल्यांतून चालताना मला पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

किशनदादांचं टायरचं दुकान एका बोळाच्या टोकाला. सत्तरीचे सिंधी गृहस्थ, पांढरा पायजमा, जाड चष्मा. त्यांनी मला "अदी" म्हटलं. सिंधीत अदी म्हणजे ताई. समोर एक गिऱ्हाईक जुना टायर घेऊन उभं होतं. दादांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि टायरवरून नुसता तळवा फिरवला. "गाडी उजवीकडे ओढते तुझी. आणि हवा कमी ठेवतोस." गिऱ्हाईक चाटच पडलं. गाडी त्यांनी पाहिलीही नव्हती.

केतकीने विचारलेले टायर अजून होते. परदेशातून आलेल्या वापरलेल्या मालात चारच निघालेले, बाजूवर डोंगर आणि त्यात बर्फाची पाकळी कोरलेली. दादांनी माझा हात धरून टायरवर ठेवला. रबर इतकं मऊ की नख रुतेल. आणि नक्षीत केसासारख्या बारीक चिरा, शेकडो. कुठल्या तरी देशात कुणीतरी फक्त बर्फावर गाडी थांबावी म्हणून बसून या चिरा आखल्या असतील. बावीस वर्षं टायरशी संबंध, पण टायरकडे असं मी कधी बघितलंच नव्हतं.

"अदी, माल एक नंबर है," दादा म्हणाले. "थंडीत दुसरा रबर कडक होतो, हा होत नाय, ते याची खूबी. पन आपल्याकडे थंडी कुठाय? इधर का रास्ता तो तवा है. पावसात पन गरम. ये टायर इधर लोणी हो जाएगा. मैं नहीं बोलूंगा के लो."

दुकानदारच घेऊ नका म्हणतो आहे, म्हटल्यावर शहाण्या बाईने उठायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जगातले सगळ्यात घट्ट धरणारे टायर लावायचे, वर मी स्वतः चालवायचं, आणि तरीही गाडी चढली नाही तर केतकीचं तोंडच बंद. परीक्षा अशी घ्यायची की नापास झालेल्याला तक्रारीला जागा राहू नये. मी म्हटलं, "लावा दादा. चारही."

दादांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "लावतो. नाही पटले तर परत आण. पन चढून आल्याशिवाय आणू नको."

अंबरनाथ

वाटेत अंबरनाथचं शिवमंदिर बघितलं. ते बघायचं म्हणून मी गेले नव्हते, केतकीने गाडी वळवली. चारी बाजूंनी इमारती, कारखान्यांची धुराडी, दुचाक्यांचा कलकलाट, आणि मधे वालधुनीच्या काठी तो काळा दगड पावसात भिजत उभा. मी भिंतीजवळ गेले आणि तिथेच उभी राहिले. बोटभर जागा कोरल्यावाचून सोडलेली नाही. हत्ती, नर्तकी, देव, वेली, आणि त्या सगळ्यांच्या अंगावरून पाणी असं ओघळत होतं की दगडातल्या बायका आत्ताच न्हाऊन आल्यासारख्या दिसत होत्या. हजार वर्षांचा पाऊस यांनी झेलला आहे, हे मनात आलं आणि मला एकदम फार लहान वाटलं. केतकीने छत्री धरली होती. बराच वेळ मी तिला एकेक मूर्ती बोटाने दाखवत राहिले. भांडायला आलेल्या बाईसाठी ही मोठी गोष्ट होती.

गाभारा खाली, खोल आहे. ओल्या पायऱ्या उतरून जावं लागतं. तिसऱ्या पायरीवर माझा पाय सटकला. मागून येणाऱ्या एका आजीने माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. "बोटं रोव बाय, टाच नको टेकू," ती म्हणाली आणि मला ओलांडून तुरुतुरु खाली गेली.

बदलापूरच्या रस्त्याला लागल्यावर मी केतकीला उठवलं आणि स्वतः स्टीअरिंगवर बसले. नवे टायर कसे आहेत ते पाहायचं होतं. काँक्रीटचा ओला रस्ता, पुढे सिग्नल लाल झाला. मी नेहमीच्या अंतरावर ब्रेक दाबला. जीप थांबली, पण पांढरी पट्टी अर्धी जीप मागे राहिली. रबर मऊ खरं, पण उबदार रस्त्यावर ते नुसतं चेपत होतं, धरत नव्हतं. केतकी खिडकीबाहेर बघत होती. मी सोलापुरात एखादीला याबद्दल तासभर सुनावलं असतं.

रविवार पूर्ण पावसात गेला. हेंद्रेपाड्याच्या त्या खोलीत दोरीवर चार दिवसांचे कपडे होते, एकही वाळलेला नव्हता. केतकी ते ओलेच इस्त्री करत होती. सोलापुरात पाऊस पाहुण्यासारखा येतो, चहा घेऊन जातो. इथे तो घरचाच माणूस आहे.

चढ

सोमवारी सकाळी निघालो. चामटोली गाव मागे पडलं आणि मी गाडी चालवता चालवता दोनदा थांबवली. कारण काही नाही, नुसतं बघायचं होतं. आमच्याकडे हिरवा रंग म्हणजे ज्वारीचा एक तुकडा, मग माळ, मग बाभळ. इथे हिरव्याला अंतच नव्हता. भाताची खाचरं, त्यांच्या बांधावर गुडघाभर गवत, त्यामागे साग, त्यामागे डोंगर, आणि डोंगरांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. ढग इतके खाली की हात वर केला तर ओला होईल. मी म्हटलं, "केतकी, हे रोज बघतेस?" ती म्हणाली, "रोज कुठे बघते, मी गिअर बघते." तिची ही उत्तरं माझ्यावर गेली आहेत.

डांबर संपलं तिथे पत्र्याची एक शेड होती. आत खांबांना चाकं टांगलेली, जोडी जोडीने, रिमसकट. त्यांवर बटन टायर, म्हणजे ज्यांच्यावर अंगठ्याएवढाल्या रबराच्या गाठी असतात आणि मधल्या फटीतून बोट जातं. शेडमध्ये तीन बायका निवांत बसल्या होत्या. मधे चूल, चुलीवर चहा. जीप दिसल्याबरोबर तिघी उठल्या.

केतकी म्हणाली, "आई, इथे थांबायचं असतं. मागची दोन चाकं काढून वरची चाकं लावायची. उतरताना पुन्हा खालची." वाडीचा हा नियमच आहे. आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की दसऱ्यापर्यंत शेडच्या पुढे कुठलीही गाडी खालच्या चाकांवर जात नाही. जीप असो, दुधाचा टेम्पो असो, रेशनची गाडी असो. आणि वरची चाकं घालून कुणी डांबरावर जात नाही, कारण त्या गाठी ओल्या सडकेवर धरत नाहीत. शेडमधली चाकं कुणा एकाची नाहीत. वाडीने वर्गणीतून, भंगारातून, मागून आणून जमवली आहेत.

मी म्हटलं, "आज नाही बदलायची. हे टायर त्यांच्याहून भारी आहेत."

तिघींतली थोरली होनाबाई. साठीची असेल, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं, पावसासाठी डोक्यावरून पाठीपर्यंत प्लास्टिकचा घोंगता. ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि अंगठ्याने रबर दाबलं. बारीक चिरांवरून बोट फिरवलं.

"नाजूक काम हाय," ती म्हणाली. "कुनी केलंय ते चांगलं केलंय. पन बाय, ह्याला दात नाय. हा चिखल खाल आनि थुंकनार नाय."

"बघू या," मी म्हटलं.

"बघ," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

मी पहिला गिअर टाकला. पहिलं वळण जीप झकास चढली. मी केतकीकडे बघितलंसुद्धा. दुसऱ्या वळणावर लाल माती सुरू झाली, लोण्यासारखी, आणि स्टीअरिंग एकाएकी हलकं झालं. ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना कळेल, स्टीअरिंग हलकं होणं यासारखी वाईट गोष्ट नाही. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. आरशात बघितलं तर टायर नव्हतेच, दोन लाल लाडू होते. त्या केसासारख्या चिरा चिखलाने लिंपून गेल्या होत्या. जीप मागे सरकायला लागली, आधी हळू, मग हळू नाही. डावीकडे दरी मोठी नव्हती, पण दरी होती. ब्रेक, हँडब्रेक, सगळं करून झालं. बावीस वर्षं मी जे जे शिकवलं ते सगळं मी केलं आणि जीपला त्याचं काही नव्हतं. माझ्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं.

"उजवीकडे कापून टाक, भिंतीवर घाल," केतकी म्हणाली. आवाज शांत, जणू औषधाच्या गोळ्या किती वेळा घ्यायच्या ते सांगते आहे. मी स्टीअरिंग कापलं. जीपचा मागचा कोपरा मातीच्या भिंतीत घुसला आणि आम्ही थांबलो.

इंजिन बंद करायचंही मला सुचलं नाही. केतकीने किल्ली फिरवली. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मीही अशीच घसरले. इथेच. आवणी होती, शेडपाशी कुणी नव्हतं. वर एका बाळाला झटके येत होते, तर मी चाकं बदलायला थांबले नाही. तुझ्याशी फोनवर बोलल्यावर वाटलं होतं, की डोकं नीट चालवलं तर जाईल गाडी."

भुवईवरच्या त्या खुणेकडे मला बघवेना.

दार उघडून उतरले तर वळणावरून होनाबाई येताना दिसली. हाताने चाक घरंगळवत, चढावर, घसरत नव्हती की धापा टाकत नव्हती. मागे दुसरी बाई दुसरं चाक घेऊन. तिसरीच्या खांद्यावर सागाची लांब बल्ली आणि फळी. थांबून मिनिटभरच झालं होतं आम्हाला.

"तुम्ही निघालात कधी?" मी विचारलं.

"तू निघालीस तवाच," होनाबाई म्हणाली.

पुढचं मी आयुष्यात विसरणार नाही. जॅक चिखलात रुततो म्हणून त्या जॅक लावतच नाहीत. फळी टाकली, बल्ली घातली, दोघी बल्लीवर लोंबकळल्या, जीपचं ढुंगण वर आलं, पुढच्या चाकांना दगड. होनाबाईच्या हातात पान्हा असा फिरत होता की मला नट दिसत नव्हते. माझ्या वर्गात चाक बदलायचा धडा दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या विसरतात. इथे दोन्ही चाकं बदलून झाली तेव्हा खाली शेडमधला चहा आत्ता कुठे उतू जात असेल, म्हणून तिसरी बाई हळहळत होती.

वर जीप केतकीने नेली. मी डावीकडे बसले. माझ्या शिकवायच्या गाडीत डावीकडेही ब्रेक असतो, त्यामुळे माझा पाय सारखा रिकाम्या जागी दाबत होता. पण ती पोरगी चालवत होती आणि मी बघत राहिले. कुठे अर्धा क्लच, कुठे नुसता श्वास रोखून थांबायचं, कुठे चाक मुद्दाम गवतावर घालायचं. यातलं एकही मी तिला शिकवलेलं नव्हतं.

वाडी

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक ओटी. ओटीवर पंधरा-वीस माणसं केव्हाची बसलेली. कुणी घाई करत नव्हतं. केतकी आत गेली आणि बाळांची वजनं, आजोबांचं बीपी, कुणाचा कान, कुणाचा पाय असं सुरू झालं. मला होनाबाईच्या सुनेने जेवायला घातलं. तांदळाची गरम भाकरी, करटोल्यांची भाजी, आणि खाचरातल्या खेकड्यांचं कालवण. मी श्रावण पाळते. कालवणाचा वास आला तेव्हा मी श्रावण पाळत होते, एवढंच म्हणते.

तिथे लहानू नावाचा एक तिशीतला माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. उजव्या पायावर अजून काळसर सूज होती. भाताची बेणणी, म्हणजे खुरपणी, करताना त्याला घोणस चावली होती. केतकीने त्याला आणि सोबतीला त्याच्या बायकोला जीपमध्ये घातलं आणि खाली निघाली. वाडीतून कुणीतरी कड्यावर जाऊन हाळी दिली, म्हणजे खाली शेडला कळलं.

"शेडशी गाडी आली," लहानू सांगत होता, "आनि ह्या बाया चाकं बदलाय लागल्या! मी हितं मरतोय, पाय भोपळा झालाय, आनि ह्या नट फिरवतायत. मी शिव्या घातल्या. लय घातल्या. तर होनामावशी बोलते, गप पड, सडकेवर गाडी उलटली तर तिघं जातील, तू एकटा हायस."

ओटीवरचे सगळे हसले. लहानूही हसला. केतकी वेळेत पोहोचली होती, दवाखान्यात लस मिळाली होती, आणि तो माझ्यासमोर बसून कालवण ओरपत होता. आपली पोरगी इथे काय करते, हे मला फोनवर कधी समजलंच नव्हतं, कारण मी फोनवर फक्त जेवलीस का विचारत होते.

त्यानेच आणखी एक सांगितलं. केतकी चरात गेली त्या दिवसापासून वाडीने पाळी लावली आहे. रोज तीन बायका शेडमध्ये बसतात, उजाडल्यापासून ती उतरेपर्यंत. त्या दिवसाची त्यांची शेतातली मजुरी बुडते. केतकीने नको म्हटलं, दोनदा भांडली, त्यांनी ऐकलं नाही.

दुपारी उतरलो. शेडपाशी पुन्हा चाकं बदलली. माझे हिवाळी टायर होनाबाईने ओढ्यात धुऊन ठेवले होते, चिरांतली माती काडीने काढून. नट आवळता आवळता तिने मान वर न करता विचारलं, "पोरीला नेतेस काय?"

मी केतकीकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे तिने सांगितलं नव्हतं. पण अर्जाची गोष्ट, कशी कोण जाणे, वाडीला माहीत होती.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. मला वाटलं ती हात जोडेल, नका नेऊ म्हणेल, आणि मला थोडं सोपं जाईल.

"तुजी पोर हाय," ती म्हणाली. "नेलीस तर नेलीस. आमचे दोन गडी चालवतात गाडी, पन ते पहाटं अंबरनाथला कामावर जातात. दिवसा कोन नाय. आमाला चाकं बदलाय येतात. चालवाय कोनी शिकवलंच नाय." तिने शेवटचा नट आवळला आणि उठली. "कोन शिकवनार? बायांना कोन शिकवतं?"

ती हे मला टोचून म्हणाली नव्हती. मी काय काम करते ते तिला माहीतच नव्हतं. केतकीने तोंड फिरवलं, आणि मला माझी लाज वाटली. बावीस वर्षं मी पाटी लावून बसले आहे, "फक्त महिलांसाठी", आणि मला वाटत होतं की या रस्त्याबद्दल मला एकच वाक्य सांगायचं आहे.

रात्रीपर्यंत थांबले नाही, तिथूनच ह्यांना फोन लावला. रस्ता कसा आहे, त्यांनी विचारलं.

"रस्ता भयंकर आहे," मी म्हटलं. "केतकी राहते आहे. अर्ज फाडून टाका. आणि मला यायला उशीर होईल."

टायरांचं सांगायचं राहिलं. मी ते किशनदादांना परत नेऊन दिले. त्यांनी तळवा फिरवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "गाडी डोंगर चढली नाही. पन गेली होती." आमच्यासारख्या उबदार मुलखात हिवाळी टायर घ्यावेत का, असं मला आता पुष्कळजण विचारतात, माझ्या या फजितीची गोष्ट गल्लीभर झाली असल्यामुळे. माझं उत्तर एकच. टायर कुठल्या देशातला आहे ते सोडा, तुमच्या रस्त्याशी रोज झटणाऱ्या बाईला आधी अंगठा लावून बघू द्या.

दुसऱ्या दिवशीपासून, केतकीची जीप खाली उतरली की, शेडच्या मागच्या माळावर वर्ग सुरू झाला. परवान्याचं नंतर बघू म्हटलं, आधी माळ. सात बायका आल्या. पहिली होनाबाई, कारण दुसरी कुणी पुढे होईना. तिने चप्पल बाहेर काढून ठेवली, जशी देवळात जाताना काढतात, आणि उजव्या बाजूने चढून बसली. मी डावीकडे. डाव्या बाजूला ब्रेक नव्हता आणि मी तो शोधलाही नाही. क्लच सांगितला, गिअर सांगितला. दोनदा जीप हिसका देऊन बंद पडली, आणि बाहेरच्या सहा जणी ओढण्या-पदर तोंडात कोंबून हसल्या. तिसऱ्यांदा जीप हलली. चिंचेच्या झाडापासून बांधापर्यंत, पन्नास पावलं असेल, सरळ, हळू, न थरथरता. बांधापाशी तिने मी सांगायच्या आत ब्रेक दाबला.

मी म्हटलं, "छान. आता उतरा, दुसरीला बसू द्या."

ती उतरली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. समोर चढाकडे बघत ती म्हणाली, "इतकी वर्सं बाय, मी नुसती उचलतच होते हिला."